गेटबाहेरचा गॅस

सुरतेच्या लिंबायतमध्ये राहणाऱ्याला सडक्या अंड्याचा वास नवा नाही. उन्हाळ्यात मिठी खाडीचं पाणी आटतं, वारा पडतो आणि संध्याकाळी तो वास घरात शिरतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेला माणूस पहिले चार दिवस नाक धरतो, मग विसरतो. हा हायड्रोजन सल्फाइड. खाडीवर तो इतका थोडा असतो, की त्रास फक्त नाकाला होतो. पण हाच वायू सुरतेच्या आसपास गेल्या चाळीस वर्षांत कुठे-कुठे भेटला, हे एकदा ओळीने बघण्यासारखं आहे. वायू तोच, पण जागा बदलली की त्याची वागणूकही बदलते.

आधी त्याचा स्वभाव. दहा लाख भाग हवेत याचा एक भागही नसतो तेव्हाच नाकाला कळतं. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी १० भागांची मर्यादा होती. १००च्या आसपास गेला, की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं, आणि घात होतो तो इथेच. पाचशेच्या पुढे माणूस लडखडतो, कोसळतो. सातशे ते हजारांवर एक-दोन श्वास पुरतात. सायनाइडसारखाच तो पेशींचं श्वसन बंद पाडतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. शिवाय तो जळतो. हवेत त्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांपासून सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असलं, तर एक ठिणगी पुरे. जळून होतो सल्फर डायऑक्साइड, तोही छातीला जाळणाराच. आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्डा, नाला, टाकी अशा जागा शोधत तळाला बसतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ओएनजीसीचा हजीरा प्रकल्प सुरू झाला. मुंबईजवळच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा नैसर्गिक वायू तिथे येतो, आणि त्यात हा वायू मिसळलेला असतो. तेलवाले अशा वायूला ‘सावर गॅस’ म्हणतात. तो अमाइनच्या द्रावणातून धुऊन काढतात, त्यापासून गंधक बनवतात. अशा प्रकल्पात जागोजागी शोधक यंत्रं असतात, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी उंचावर फडकत असते, गजर झाला की वाऱ्याला आडवं पळायचं हे माणसांकडून घोटून घेतलेलं असतं. अपघात तिथेही होतात. २४ सप्टेंबर २०२०च्या पहाटे तीनच्या सुमारास हजीऱ्याला वायुवाहिनीजवळ स्फोट होऊन आग लागली, तेव्हा सुरतेत लांबवरच्या लोकांचीही झोप उडाली. पण निदान तिथल्या वायूला मालक आहे. तो कोणाच्या नळीत आहे, व्हॉल्व कोण बंद करणार, हे ठरलेलं आहे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आपला कायदाही याच दिशेने गेला. १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. मोठ्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत काय साठवलं आहे आणि ते फुटलं तर बाहेर काय होईल, याचा विचार त्यात बऱ्यापैकी झाला. माझ्या मते चूक एकच झाली. धोका कायम गेटाच्या आतच राहील, असं आपण गृहीत धरलं.

गेटाबाहेरची पहिली मोठी खूण मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठावरच्या वस्तीतल्या शंभराहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. बातमी आठवडाभर गाजली, मग मागे पडली.

सुरतेत तेच घडलं ६ जानेवारी २०२२ला. सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पहाटे चारच्या सुमारास एक टँकर डाईंग-प्रिंटिंग मिलीजवळच्या नाल्यात रिकामा होत होता. रातपाळी चालू होती. त्या वायूने सहा कामगार गेले, वीसहून अधिक सिव्हिल हॉस्पिटलात पोचले. तपासाचा धागा महाराष्ट्रातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीपर्यंत गेला. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. लिंबायतमधली कितीतरी घरं सचिन आणि पांडेसऱ्याच्या मिलींवर चालतात, त्यामुळे त्या सकाळी इथे घरोघरी एकच प्रश्न होता: आपला माणूस कोणत्या पाळीला आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. असा वायू टँकरमध्ये नसतोच. टँकरमध्ये असतं सल्फाइडच्या क्षारांचं पाणी. अल्कधर्मी असेपर्यंत ते निमूट बसून असतं. नाल्यात कुणाचं तरी आम्ल आधीच वाहत असतं. दोन्ही भेटली की वायू सुटतो. मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या टँकरवर रसायनाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, तातडीचा फोन असलेली पाटी हवी. हायड्रोजन सल्फाइडचा क्रमांक १०५३. पण त्या टँकरवर पाटी अगदी खरी असती, तरी तिच्यावर १०५३ नसता. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अशा मालासोबत सात रंगांच्या सात प्रतींचं मॅनिफेस्ट लागतं. पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा आणि प्रदूषण मंडळं अशा सगळ्यांकडे एकेक प्रत जाते. कागदावर हे चोख आहे. पण शुद्धीकरणाला पैसे लागतात आणि नाला फुकट आहे. मधला दलाल या फरकावरच जगतो, आणि त्याचं काम पहाटे चारलाच चालतं.

त्यानंतर सुरत जिल्ह्यातलं पलसाणा. नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा पाडवा. तिथल्या एका डाईंग मिलीच्या सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरलेले दोघे आत पडले, त्यांना काढायला उतरलेले दोघे परतले नाहीत. चौघेही बिहारचे. हा क्रम जगभर असाच दिसतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ सालीच इशारा दिला होता, की बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात. भावाला पडलेलं बघून माणूस वायू मोजायचं मीटर शोधत बसत नाही, हे कळतं. म्हणूनच ते मीटर आधी हातात हवं.

खानदेशातून आलेल्यांना विहिरीतला कंदील माहीत आहे. गाळ काढायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड साठलेल्या विहिरीत ही रीत उपयोगी पडते. सेप्टिक टाकीवर तीच रीत घातकी आहे. हायड्रोजन सल्फाइडचं ०.१ टक्का प्रमाण माणसाला पुरेसं आहे, आणि तेवढ्यावर ज्योत जराही थरथरत नाही. उलट टाकीत मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट करते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल हा तसाच भ्रम. लागतं ते चार वायू मोजणारं मीटर. ते नळीने वर, मध्ये आणि तळाशी लावून पाहायचं. आणि एकदा पाहून थांबायचं नाही. वरून शून्य दिसणारी टाकी गाळात फावडं पडताच एकदम भरते, कारण वायू गाळात अडकलेला असतो. ब्लोअर चालू ठेवायचा, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

हे मी नवं सांगत नाही. कारखाने कायद्याच्या कलम ३६मध्ये हे आधीपासूनच होतं. जागेत घातक वायू नाही असा जाणकाराचा लेखी दाखला हवा, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोराचा पट्टा हवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा आहे, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या घराला द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पलसाण्याची टाकी त्यानंतर महिन्याभरात उघडली.

टाकी सुट्टीत उघडली जाते, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दिवाळीला सुरतेच्या मिली बंद राहतात, खानदेशची माणसं गावी जातात, आणि मालक साफसफाई याच दिवसांत उरकतात. टाकी बंद पडून असते, वायू साठलेला असतो, मागे उरतात ते ज्यांना गावी जायला तिकीट मिळालं नाही ते मजूर. दाखल्यावर सही करणारा माणूस सुट्टीवर असेल, तर श्वसनयंत्र आणि दोराच्या पट्ट्याशिवाय टाकीत उतरायचं नाही. ठेकेदाराने हजेरीच्या दुप्पट पैसे देऊ केले तरीही.