प्लॅटिपसची चोच
१७९९ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज शॉ ऑस्ट्रेलियाहून आलेले प्लॅटिपसचे कातडे तपासत होते. कोणी तरी बदकाची चोच जोडून फसवणूक केली असावी, अशी शंका त्यांना आली. मीही बरीच वर्षे तिला चोचच समजत होतो. वास्तविक अंडी घालणाऱ्या या सस्तन प्राण्याचा तो लांबट, पसरट जबडाच. वरून मऊ, ओलसर त्वचा. पिलाला दाढा येतात, पण त्या लवकरच पडतात. पुढे भक्ष्य रगडले जाते ते शिंगासारख्या कठीण पट्ट्यांवर. पाण्यात बुडी मारताना डोळे, कान, नाकपुड्या मिटलेल्या. मात्र त्या त्वचेतल्या सुमारे ४०,००० संवेदी ग्रंथी कोळंबीच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज टिपतात. स्पर्शसंवेदी कणांना पाण्याची हालचाल कळते. शॉंना खोटी वाटलेली ती जोडच या प्राण्याचे पोट भरते.