साधे यंत्र, नेमकी वाट

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ हा शोधखेळ जन्मला.

या खेळासाठी हातातले जीपीएस यंत्र घेताना रंगीत पडद्याची किंमत मोजावी काय? गार्मिन कंपनीचे 2011 सालचे ‘ईट्रेक्स 10’ पाहावे. पडदा एकरंगी, नकाशा नाममात्र. होकायंत्र नसल्याने चालू लागल्याखेरीज दिशा कळत नाही. तथापि दोन पेन्सिल सेलवर ते सुमारे 25 तास चालते, पावसात टिकते आणि लपवलेल्या डब्याचे वर्णन व सूचना त्यातच साठवता येतात.

महाग यंत्र घेतले तरी दाट झाडीखाली काही मीटरांची चूक उरतेच. अखेरचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो. म्हणून वाचलेल्या पैशांत सेलचा जादा जोड घ्यावा आणि निघतानाच मोटारीची जागा यंत्रात नोंदवावी. रानात मोबाइल बंद पडला, तरी मुलांसह परतीची वाट सापडेल.