अतिस्वेदन

अतिस्वेदन, म्हणजेच वैद्यकीय परिभाषेतील हायपरहायड्रोसिस, हा शरीराचे तापमान राखण्यासाठी आवश्यक असलेल्या घामापेक्षा पुष्कळ अधिक घाम येण्याचा विकार आहे. तळहात, तळपाय, काखा आणि चेहरा ही त्याची नेहमीची स्थाने होत. हा विकार संसर्गजन्य नाही आणि तो अस्वच्छतेतून उद्भवत नाही. त्याने जिवालाही धोका पोहोचत नाही. तरीही शिक्षण, नोकरी, हस्तव्यवसाय आणि माणसामाणसांतील साधा स्पर्श यांवर त्याचा खोल परिणाम होतो. त्यावरील उपचारांची व्याप्ती बाहेरून लावायच्या द्रावणापासून शस्त्रक्रियेपर्यंत आहे. छातीतील अनुकंपी चेतासंस्थेची साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया तळहात कोरडे करण्यात बहुतांशी यशस्वी ठरते. मात्र तिच्यानंतर अनेकांना पाठ, पोट व मांड्या येथे नव्याने घाम येऊ लागतो, आणि तो सहसा थांबवता येत नाही.

घामाची यंत्रणा

मानवी त्वचेत साधारणपणे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. तळहात व तळपाय येथे त्यांची दाटी सर्वाधिक असते. मेंदूतील अधश्चेतक या भागाकडून निघालेले संदेश पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या साखळीतून या ग्रंथींपर्यंत पोहोचतात. अनुकंपी चेतासंस्था म्हणजे डॉक्टरांच्या नेहमीच्या बोलण्यातील सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम. घर्मग्रंथींपाशी हा संदेश ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे दिला जातो. पुढे उल्लेखलेल्या पोटात घेण्याच्या औषधांचे कार्य आणि त्यांचे दुष्परिणाम या दोहोंचे मूळ या एका गोष्टीत आहे.

छाती, पाठ व कपाळ येथील घाम मुख्यतः उष्णतेमुळे येतो. तळहात आणि तळपाय येथील घाम मात्र प्रामुख्याने भावनिक ताणाला दिलेला प्रतिसाद असतो. मनोवस्था आणि घाम यांचे हे नाते भारतीय परंपरेला अपरिचित नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत रोमांच व अश्रू यांच्या पंक्तीत स्वेदही आहे. मराठी भाषेनेही घामाला दोन अर्थ दिले आहेत: ‘घाम गाळणे’ हा कष्टाचा गौरव, तर ‘घाम फुटणे’ ही भीतीची खूण. अतिस्वेदन असलेल्या व्यक्तीच्या वाट्याला कष्ट वा भीती नसतानाही दुसरा अर्थच येतो.

प्रकार व निदान

प्राथमिक अतिस्वेदनाला दुसरा कोणताही रोग कारणीभूत नसतो. ते बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होते, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसते आणि झोपेत थांबते. पुष्कळ रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो. या व्यक्तींच्या घर्मग्रंथींची संख्या किंवा रचना वेगळी नसते; ग्रंथींना मिळणारे संदेशच अवाजवी असतात. किमान सहा महिने टिकलेला त्रास, पंचविशीपूर्वी झालेली सुरुवात, आठवड्यातून निदान एकदा येणारा प्रसंग आणि दैनंदिन कामात येणारा अडथळा यांसारख्या निकषांवरून निदान केले जाते. त्यासाठी बहुधा प्रयोगशाळेतील तपासण्यांची गरज पडत नाही.

दुय्यम अतिस्वेदन सहसा सर्वांगावर असते आणि झोपेतही चालू राहते. थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, रक्तातील साखर एकाएकी घटणे, रजोनिवृत्ती, काही कर्करोग आणि नैराश्यावरील काही औषधे ही त्याची कारणे असू शकतात. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, जोडीला संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन अशी लक्षणे असतील, तर भारतासारख्या देशात क्षयरोगाची तपासणी प्रथम करावी लागते. प्रौढ वयात अचानक सुरू झालेला घाम ‘प्रकृतीच तशी’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

घाम नेमका किती भागात येतो हे पाहण्यासाठी १९२८ मध्ये व्हिक्टर मायनर यांनी वर्णिलेली चाचणी आजही वापरतात. त्वचेवर आयोडीन लावून ते वाळल्यावर वरून पिष्टमय पूड भुरभुरली जाते. जेथे घाम येतो तेथे निळसर काळा रंग उमटतो. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून केला जाणारा स्टार्चचा प्रयोग तो हाच.

दैनंदिन जीवनातील परिणाम

तळहातांच्या अतिस्वेदनाची पहिली झळ बहुधा शाळेत लागते. लिहिताना उत्तरपत्रिका ओली होते, शाई पसरते, कागद मऊ पडून फाटतो. असे विद्यार्थी हाताखाली रुमाल किंवा टिपकागद ठेवून लिहितात, शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन पत्करतात आणि दर काही ओळींनंतर हात पुसण्यात वेळ घालवतात. वर्तुळे काळी करण्याच्या उत्तरपत्रिकेवर डाग पडला तर यंत्र ती कशी वाचेल, ही धास्ती वेगळीच. सतत रुमाल चाळवणाऱ्या मुलाकडे पर्यवेक्षकाची संशयाची नजर वळते आणि त्या नजरेने घाम आणखी वाढतो.

या विकारातील दुष्टचक्र हेच आहे. घाम येईल या चिंतेने घाम येतो आणि आलेल्या घामाने चिंता वाढते. मात्र यातील क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. बहुसंख्य रुग्णांत भित्रेपणा मूळ नसून घाम मूळ असतो. चारचौघांत वावरण्याचा संकोच मागाहून येतो. ‘घाबरू नकोस’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

रांगोळीची चिमूट ओल्या बोटांना चिकटते आणि रेघ तुटते. तबल्याच्या पुडीवर ओलसर हात नीट चालत नाही. शिवणकामात कापडावर डाग पडतात, बारीक हत्यारे हातातून निसटतात, मोबाइलचा पडदा स्पर्श ओळखत नाही. हजेरीच्या यंत्रावर किंवा स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि रांगेतील लोक खोळंबतात. हस्तांदोलन टाळण्यासाठी लांबूनच नमस्कार करण्याची सवय अनेक जण लावून घेतात. भारतीय शिष्टाचाराने ही सोय तरी ठेवली आहे. विवाहविधीतील पाणिग्रहणाला मात्र असा पर्याय नाही.

तळपायांच्या घामाने चपला घसरतात, बुटांना दुर्गंधी येते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात बूट वाळतच नाहीत, त्यामुळे हा त्रास अधिक जाणवतो. दोन जोड आलटून पालटून वापरणे, दिवसातून दोनदा मोजे बदलणे आणि बेचक्या कोरड्या ठेवणे हे उपाय साधे असले तरी चिखल्यांपासून बरेच संरक्षण देतात.

या विकाराविषयीचे मौन ही मोठी अडचण आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीनुसार तेथील सुमारे २.८ टक्के लोकांना अतिस्वेदन होते, पण त्यांपैकी केवळ ३८ टक्के लोकांनी डॉक्टरांशी त्याबद्दल कधी तरी बोलणे केले होते. त्रासाची तीव्रता ठरवण्यासाठी चार पायऱ्यांची एक सोपी मोजपट्टी वापरली जाते. ‘घाम जाणवत नाही व कामात कधीच आड येत नाही’ ही तिची पहिली पायरी, तर ‘घाम असह्य असून कामात सतत आड येतो’ ही चौथी. तीव्रता रुग्णाच्या सांगण्यावरून ठरते, घामाच्या वजनावरून नव्हे.

शस्त्रक्रियेविना उपचार

ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण हा पहिला उपाय. ते रात्री पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुतात. त्याने घर्मनलिकांची तोंडे तात्पुरती बंद होतात. काखेत त्याचा गुण चांगला येतो, पण त्वचेची आग होणे ही सामान्य तक्रार आहे.

तळहात व तळपाय यांसाठी आयनटोफोरेसिस ही पद्धत उपयुक्त आहे. नळाच्या पाण्याने भरलेल्या उथळ तबकांत हात किंवा पाय ठेवून त्यांतून सुमारे १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य विद्युत्प्रवाह २० ते ३० मिनिटे सोडतात. प्रारंभी आठवड्यातून अनेकदा आणि पुढे कमी वेळा हे करावे लागते. थांबवले की घाम परततो. पेसमेकर बसवलेल्यांना आणि गर्भवतींना हा उपचार देत नाहीत. हे काम घरगुती बॅटरी किंवा तारा जोडून करण्याचे नाही. त्यासाठी बनवलेले यंत्रच वापरावे लागते.

ऑक्सिब्युटिनिन व ग्लायकोपायरोलेट ही पोटात घेण्याची औषधे ॲसिटिलकोलीनचा संदेश अडवतात. तोच संदेश लाळग्रंथी, डोळे, आतडी व मूत्राशय यांनाही लागत असल्यामुळे तोंडाला कोरड, अंधूक दृष्टी, बद्धकोष्ठ किंवा लघवी अडणे असे परिणाम दिसतात. बोटुलिनम विषाची सूक्ष्म मात्रेतील इंजेक्शने मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवूच देत नाहीत. काखेतील अतिस्वेदनासाठी त्यांना अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम काही महिने टिकतो, नंतर इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात. तळहातावर ती फार दुखतात आणि काही काळ पकड सैल होऊ शकते.

शस्त्रक्रिया

काखेपुरता त्रास असेल तर स्थानिक शस्त्रक्रिया शक्य असते. घर्मग्रंथी असलेला त्वचेचा भाग काढून टाकणे किंवा लहान छेदातून त्वचेखालील ग्रंथी खरवडून, शोषून काढणे या तिच्या पद्धती आहेत. व्रण राहणे आणि जखम सावकाश भरणे हे तिचे तोटे असले, तरी शरीराच्या इतर भागांतील घामावर तिचा परिणाम होत नाही. सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने काखेतील ग्रंथी नष्ट करणारे यंत्र २०११ पासून अमेरिकेत उपलब्ध आहे.

तळहातांसाठी असा स्थानिक मार्ग नाही. तेथील त्वचा काढता येत नाही, म्हणून संदेशाची वाटच तोडली जाते. १९२० मध्ये कोत्झारेफ यांनी अतिस्वेदनावर अनुकंपी साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळी साखळीपर्यंत पोहोचण्यासाठी पाठीतून बरगडी कापावी लागे किंवा मानेच्या मुळाशी मोठा छेद घ्यावा लागे. ओल्या हातांसाठी एवढे सोसण्यास फार थोडे लोक तयार होत. छातीच्या पोकळीत दुर्बीण घालून हे काम करण्याचा मार्ग ह्यूज यांनी १९४२ मध्ये दाखवला आणि ऑस्ट्रियातील क्युक्स यांनी १९५० च्या दशकात तो मोठ्या संख्येने वापरला. १९९० च्या सुमारास व्हिडिओ कॅमेरा जोडलेली दुर्बीण आली आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली.

पूर्ण भूल देऊन काखेजवळ काही मिलिमीटरचे एक-दोन छेद घेतले जातात. त्या बाजूचे फुप्फुस थोडा वेळ आकसू दिले की बरगड्यांच्या मुळांवरून खाली जाणारी साखळी पातळ पडद्याआडून दिसते. ठरलेल्या बरगडीपाशी ती विद्युत्‌दाहाने छेदतात किंवा धातूच्या चिमट्याने आवळतात. मग दुसरी बाजू. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तळहात कोरडा व उबदार होतो. अनेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. तळहात कोरडे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक सांगितले जाते. काखेच्या बाबतीत ते कमी असते.

छातीत हवा साठणे, रक्तस्राव, हृदयाची गती मंदावणे हे संभाव्य धोके आहेत. छेद फार वर गेल्यास मानेच्या तळाशी असलेल्या गुच्छिकेला इजा होऊन त्या बाजूची पापणी झुकते व बाहुली लहान होते. यास हॉर्नर लक्षणसमूह म्हणतात. कुशल हातांत हे प्रसंग विरळ असतात.

भरपाईचा घाम

या शस्त्रक्रियेचा सर्वांत नित्य परिणाम म्हणजे पाठ, छाती, पोट, जांघा व मांड्या येथे वाढणारा घाम. निरनिराळ्या अहवालांत त्याचे प्रमाण ३ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत दिले आहे. एवढी तफावत पडण्याचे एक कारण व्याख्येत आहे: कोणी सदऱ्यावरील किंचित ओल मोजतो, कोणी दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागणारी अवस्थाच मोजतो. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाने सांगितलेला आकडा ऐकताना त्यांनी काय मोजले हे विचारणे आवश्यक ठरते.

‘भरपाई’ हे नावही पुरेसे नेमके नाही. तळहातांचे क्षेत्रफळ लहान असल्याने तेथे न आलेला घाम अन्यत्र निघतो, एवढ्याने या घामाचे प्रमाण समजावता येत नाही. साखळी तुटल्यामुळे मेंदूकडे परत जाणारे नियामक संदेश बिघडतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. छेद दुसऱ्या बरगडीपाशी घेतल्यास हा त्रास अधिक होतो. म्हणून चेहऱ्याच्या लालीसाठी किंवा घामासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत धोका मोठा असतो. उष्ण व दमट हवेत हा घाम विशेष जाचतो. थंड प्रदेशातील अनुभवावरून मुंबई किंवा रत्नागिरी येथील रुग्णाने अंदाज बांधणे योग्य नाही. काहींना तिखट-आंबट खाताना चेहऱ्यावर घाम येऊ लागतो.

बहुसंख्य रुग्ण कोरड्या हातांसाठी ही किंमत मान्य करतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र पाठीवरील घाम मूळच्या घामापेक्षा दुःसह होतो आणि शस्त्रक्रिया केल्याचा पश्चात्ताप होतो. हे थोडे लोक कोण असतील, हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

निवड व संमती

अमेरिकेतील वक्षशल्यविशारदांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्रकानुसार योग्य रुग्ण तो, ज्याचा त्रास सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झाला, शस्त्रक्रियेच्या वेळी ज्याचे वय पंचविशीच्या आत आहे, ज्याला झोपेत घाम येत नाही, ज्याचा देहभार निर्देशांक २८ पेक्षा कमी आहे आणि ज्याची नाडी विश्रांतीच्या वेळी फार मंद नाही. केवळ तळहातांच्या घामासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीच्या वरच्या कडेशी छेद घेण्याची शिफारस त्यात आहे. तैवानमध्ये मात्र २००४ मध्ये वीस वर्षांखालील व्यक्तींवर ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई करण्यात आली. एकीकडे लवकरच्या वयात गुण चांगला, दुसरीकडे आजन्म टिकणारा निर्णय घेण्याइतके ते वय परिपक्व नाही, असा हा पेच आहे. पालकांना कोरडी उत्तरपत्रिका दिसते. पाठीवरचा घाम मुलाला पुढची पन्नास वर्षे सोसायचा असतो.

चिमटे लावल्यास ते काढून पूर्वस्थिती आणता येते, असे रुग्णांना पुष्कळदा सांगितले जाते. चिमटा काही दिवसांतच काढला तर काहींना गुण येतो, परंतु आवळला गेलेला मज्जातंतू पूर्ववत होईल याची हमी नसते. छेदलेल्या साखळीच्या जागी पायाच्या पोटरीतील मज्जातंतूचा तुकडा जोडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. त्यांचे परिणाम अनिश्चित आहेत. नव्याने आलेल्या घामावर मग ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधेच द्यावी लागतात.

तळपायांसाठी कमरेतील अनुकंपी साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया निराळी आहे. पुरुषांत वीर्यस्खलनात बिघाड होण्याचा धोका असल्यामुळे ती दीर्घकाळ टाळली जात असे. दुर्बिणीच्या साहाय्याने आता ती काही केंद्रांत केली जाते, मात्र तिचा अनुभव छातीतील शस्त्रक्रियेच्या तुलनेने बराच कमी आहे.