ई-मेलचा पत्ता म्हणजे आपले नाव, ते जपा!

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, विद्यापीठाची परीक्षा असो वा नोकरीची जाहिरात असो, आज ई-मेलचा पत्ता द्यावाच लागतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले, तेव्हा ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या लोकांची होती. आता जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतील हमाल व गिरणी कामगारांच्या मुलांकडेही हा पत्ता आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पत्ता आला तशी त्याची चोरीही आली.

एके दिवशी ओळखीचे लोक विचारतात, "तुझ्याकडून लॉटरीचे पत्र आले, हे काय?" किंवा आपण कधीही न पाठविलेली पत्रे 'पोहोचली नाहीत' म्हणून ढिगाने परत येतात. घरात घबराट होते. मुलावर संशय घेतला जातो. मुलगी घाबरून पत्ताच बंद करते आणि त्याच पत्त्यावर येणारे मुलाखतीचे पत्र बुडते. नुकसान होते ते असे. म्हणून घाबरण्याआधी प्रकार समजून घेतला पाहिजे.

हे घडते कसे?

पोस्टाच्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव कोणीही, कोणाचेही लिहू शकतो. पोस्टमन ते तपासत नाही. ई-मेल पाठविण्याचे १९८२ साली ठरलेले नियमही असेच होते. पाठविणारा खरा की खोटा, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. याचाच फायदा घेऊन हे लोक लाखो फुकट्या जाहिराती व फसवणुकीची पत्रे दुसऱ्याच्या नावाने पाठवितात. अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. पुढे पडताळणीच्या पद्धती निघाल्या. जीमेल व याहूने तर फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना ही पडताळणी सक्तीची केली. तरीही चोरी पूर्ण थांबलेली नाही.

दोन प्रकार ओळखा

पहिला प्रकार म्हणजे चोराने फक्त पाकिटावर आपले नाव लिहिले आहे. अशा वेळी आपल्या 'सेंट' या कप्प्यात ती पत्रे बहुधा दिसत नाहीत. आपले खाते सुरक्षित असते. पत्ता बंद करण्याची गरज नसते. ओळखीच्यांना "ते पत्र माझे नाही, उघडू नका" असे कळवावे. परत येणारी पत्रे काही दिवसांत सहसा आपोआप थांबतात.

दुसरा प्रकार म्हणजे चोर घरातच शिरला आहे. न लिहिलेली पत्रे 'सेंट'मध्ये दिसतात किंवा पासवर्ड चालेनासा होतो. (चोर ती पत्रे पुसूनही टाकतो, म्हणून शंका आल्यास हाच प्रकार समजावा.) ताबडतोब पासवर्ड बदलावा, इतर सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे, मोबाईलवर क्रमांक मागणारी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना आणि खात्याला जोडलेला मोबाईल आपलाच आहे ना, हेही पाहावे.

येथे एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. अनेक मुलांचा ई-मेल पत्ता अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि पासवर्डही त्यालाच माहीत असतो. घराची किल्ली दुसऱ्याकडे ठेवण्यासारखेच हे आहे. आजच तो पासवर्ड बदला.

कायदा आपल्या बाजूने आहे

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-क (इंग्रजीत ६६-सी) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पत्र पुसून टाकू नये. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबल्यास ते कोणत्या यंत्रावरून आले याची नोंद दिसते. तिची प्रत काढून तक्रारीला जोडावी आणि पोलीस ठाण्यातून पोच घ्यावी.

तक्रारीने काय होते, असे म्हणू नका. पुण्याच्या एका उद्योजकाने बनावट ई-मेलला उत्तर दिले आणि त्याच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ साली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी याच कायद्याखाली निवाडा करून पंजाब नॅशनल बँकेला त्यास ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तो माणूस लाजून गप्प बसला असता तर हे झाले नसते.

लाज चोराला वाटावी

न दिलेले न घेणे हे पंचशीलातील दुसरे शील आणि खोटे न बोलणे हे चौथे. दुसऱ्याचे नाव लावून पत्र पाठविणारा ही दोन्ही शीले मोडतो. दोष त्याचा आहे, आपल्या मुलाचा नाही. जुलै १९३७ मध्ये बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. कायदा आणि पुरावा हातात असला की दुबळ्यालाही उभे राहता येते, हे त्यांनीच आपल्याला शिकविले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलांनी अर्धा तास बसून वस्तीतील प्रत्येकाचा पासवर्ड ज्याचा त्यालाच बदलायला लावावा. यास खर्च काही नाही. आपले नाव मात्र आपल्याच हाती राहील.

जयभीम!