हिरवळ राखणारी गाडी

ऑक्टोबर २००४ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. खेळपट्टीवर भरपूर गवत होते आणि त्यावरून पेटलेला वाद जुन्या क्रिकेटवेड्यांना अजून आठवतो. ऑस्ट्रेलियाने सामना ३४२ धावांनी जिंकला आणि तब्बल ३५ वर्षांनी भारतात मालिका खिशात घातली. २००८ पासून कसोट्या वर्धा रोडवरच्या जामठ्याला गेल्या. या सगळ्या चर्चेत खेळपट्टी आली, क्युरेटर आले, कर्णधार आले. गवत ज्याने कापतात ते यंत्र मात्र कधी आले नाही.

खेळपट्टी कापायला मागे चालत न्यायचे छोटे यंत्र पुरते. पण सीमारेषा ७० मीटरवर धरली तर मैदान पावणेचार एकरांच्या वर भरते. अर्धा मीटर रुंदीचे यंत्र ढकलत ते एकदा कापायचे म्हणजे माणसाला सुमारे ३० किलोमीटर चालावे लागते. म्हणून इथे बसून चालवायची गाडी लागते. क्रिकेटपुरतेच हे नाही. कॉलेजांची आवारे, मिहानमधल्या नव्या संस्था, सैन्याच्या वसाहती, गोल्फची मैदाने आणि शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पसरलेली लग्नाची लॉन, सगळीकडे गवताचा पसारा हाताबाहेरचा आहे. तुळशीचे लग्न लागले की लॉनमालकाला एकही दिवस हिरवळ वाढलेली चालत नाही.

गवत कापायच्या यंत्राचा जन्म कापडाच्या धंद्यातला. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात लोकरीच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहणारे तंतू सारखे छाटण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरत. एडविन बडिंग या कारागिराने तीच रचना जमिनीवर आणली आणि १८३० मध्ये तिचे पेटंट घेतले. एम्प्रेस या कापड गिरणीच्या भोंग्यावर ज्या शहराची घड्याळे चालली, त्या नागपूरला हे नाते जवळचे वाटायला हरकत नाही. बडिंगची रचना आजही जिवंत आहे. आडवा लाटण्यासारखा फिरणारा सिलिंडर, त्यावर वळणदार पाती आणि खाली स्थिर पट्टी. गवत दोन्हींच्या मधे सापडते आणि कात्रीसारखे कापले जाते. चांगले क्रिकेट मैदान अशाच सिलिंडरवर कापतात. लॉन, आवारे, बागा यांच्यासाठी असते ती दुसऱ्या जातीची गाडी. तिच्या पोटाखाली पत्र्याची परात असते, परातीत दोन किंवा तीन पाती पंख्यासारखी गरगरतात आणि गवत झोडून तोडतात. मेकॅनिकच्या हाती जास्त येते ती हीच, आणि पुढचे सगळे मुख्यतः तिच्याबद्दल.

नागपूरचे हवामान या गाडीची दोन टोकांनी परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, धूळ उडते, हवेवर थंड होणारे इंजिन तापते. जूनच्या मध्यावर पाऊस आला की हरळी झपाट्याने वाढते. त्यात आपली काळी कापसाची जमीन. चार दिवस पाऊस झाला की ती इतकी फुगते आणि मऊ पडते की जड गाडी आत घालता येत नाही. घातलीच तर चाकांच्या चाऱ्या दिवाळीपर्यंत दिसतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये गवत सर्वांत जोरात वाढते आणि कापायला मिळतात उघडिपीचे मोजके तास. नेमक्या त्या तासांत पट्टा तुटला आणि नवा यायला तीन आठवडे लागले, तर नुकसान गाडीचे नव्हे, हिरवळीचे होते. एका वेळी गवताची एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू नये असा नियम आहे. तीन आठवडे वाढलेले गवत एकदम खाली आणले की हिरवा भाग सगळा निघून जातो आणि खालच्या पांढऱ्या काड्या उघड्या पडतात. तो डाग भरून यायला पुन्हा आठवडे लागतात.

म्हणून या यंत्राबद्दल माझे एकच म्हणणे आहे. गाडी कोणत्या कंपनीची घेतली यापेक्षा तिचे सुटे भाग कोणी, कधी आणि कोणत्या मापाने आणून ठेवले, यावर तिचे आयुष्य ठरते.

बहुतेक गाड्या परदेशी बनावटीच्या किंवा परदेशी नमुन्यावर बेतलेल्या असतात. अधिकृत विक्रेत्याकडे भाग मागितला की तो आधी मॉडेल आणि अनुक्रमांक विचारतो. हा अनुक्रमांक सहसा सीटखालच्या चकतीवर असतो. इंजिनाची चकती वेगळी, कारण इंजिन बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे असतात. कोडच्या सुरुवातीला ते इंजिन बनल्याचे वर्ष, महिना आणि दिवस लिहिलेला असतो. १९०८ साली स्थापन झालेली ही कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नव्या मालकांकडे गेली. कंपन्यांची नावे आणि मालक असे बदलतात, चकतीवरचे आकडे मात्र पुढेही कामाला येतात. दोन-चार पावसाळ्यांत या चकत्या पुसट होतात. गाडी नवी असतानाच त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि आकडे रजिस्टरला लिहावेत.

आता बाजाराकडे वळू. इतवारीची लोहाओळ, कॉटन मार्केट, घाट रोड आणि हिंगणा एमआयडीसीतली लेथची वर्कशॉप हाताशी असताना नागपूरच्या माणसाने हताश व्हायचे कारण नाही. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि त्याच्या आसपास जॉबवर्क करणारे हात तयार झाले आहेत. बेअरिंग, ऑईल सील, नटबोल्ट, प्लग, केबल, बॅटरी हे सगळे इथे मिळते. कसब लागते ते जुळवणीला. सर्वाधिक चुकाही तिथेच होतात.

बेअरिंगचेच पाहा. पाती ज्या दांड्यावर फिरतात त्या स्पिंडलमध्ये वर-खाली बेअरिंगे असतात. ती गेली की गाडी आधी घरघरते, मग पाते डगमगते, मग परात कापते. बेअरिंगचा नंबर जगभर सारखा. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलीमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. ६२०३ चा आतला व्यास १७. पण अमेरिकी गाड्यांत बऱ्याचदा बाहेरून ६२०३ चेच बेअरिंग असते आणि आतले भोक पाच अष्टमांश इंचाचे, म्हणजे १५.८७५ मिलीमीटरचे. बाहेरून बघून साधे ६२०३ आणले तर ते जागेवर अगदी चपखल बसते आणि आतला दांडा मिलीमीटरभर सैल राहतो. गाडी चालते, पाते फिरते, आठ दिवसांनी स्पिंडल खाल्लेला निघतो. दुकानात जाताना जुने बेअरिंग आणि दांडा दोन्ही सोबत न्यावेत, आणि व्हर्निअर लावल्याशिवाय पैसे देऊ नयेत. योग्य भोकाचे बेअरिंग मिळेना तर लेथवर बारीक बुश करून घेता येते. हिंगण्याच्या टर्नरला ते काम नवे नाही.

बेअरिंग अकाली जाण्याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते. काम झाले की प्रेशर पंपाने परात धुण्याची सवय सगळीकडे दिसते. ते पाणी सीलच्या आत शिरते आणि ग्रीस बाहेर काढते. परातीत चिकटलेले गवत लाकडी फळीने खरवडून काढावे. वेळ लागतो, पण स्पिंडल वाचतो.

पट्ट्याची गोष्ट अधिक फसवी. या गाडीत पाती सुरू करायची म्हणजे सैल पट्टा एका फिरत्या चाकाने दाबून ताठ करायचा आणि बंद करायची म्हणजे तो पुन्हा सैल सोडायचा. दर वेळी पट्टा घासतो, शिवाय पाठीवरून उलटा वाकतो. हे सोसण्यासाठी त्यात अरामिडचे मजबूत धागे असतात. पिठाच्या गिरणीचा किंवा कॉम्प्रेसरचा ए सेक्शनचा पट्टा रुंदीला तेवढाच, साडेबारा-तेरा मिलीमीटर. म्हणून तो सर्रास बसवला जातो. तो तापतो, लांबतो आणि सैल सोडल्यावरही पुलीला धरून राहू शकतो, म्हणजे पात्यांची दांडी सोडली तरी पाते हळूहळू फिरत राहण्याचा धोका. लांबीतही मेख आहे. आपल्याकडे ए-५० म्हटले की आतला घेर ५० इंच. अमेरिकी पट्ट्यावर ४एल५०० लिहिले असेल तर तो बाहेरचा घेर ५० इंच. दोघांत जवळपास दोन इंचांचा फरक पडतो आणि ४एल५०० च्या जागी ए-४८ लागतो. जुना पट्टा मोजूनही उपयोग नाही, तो आधीच लांबलेला असतो. पट्टा हा एकच भाग असा आहे जो मी नेहमी कंपनीचाच घ्यायला सांगेन, आणि एक नव्हे, दोन.

बॅटरी १२ व्होल्टची. ३५ अँपिअर-अवरची लहान मोटारीची बॅटरी लांबी-रुंदीला जवळपास तेवढीच असते, त्यामुळे ती खोबणीत बसते. उंची मात्र जास्त. टर्मिनल सीटच्या पत्र्याला टेकत नाही ना हे पाहिल्याशिवाय ती जोडू नये. मागच्या चाकाची रिम ८ इंची असली तरी ऑटोरिक्षाचा ४.००-८ चा टायर तिथे चालत नाही, कारण गाडीचा टायर दुप्पट रुंद असतो. बाभळीचे काटे पडणाऱ्या आवारात पंक्चर ठरलेले, तेव्हा मापाची एक ट्यूब जवळ असावी.

इंजिनाच्या बाबतीत नागपूरचा बाजार अर्धाच साथ देतो. आपल्या पंपांची, जनरेटरची आणि पॉवर वीडरची इंजिने आडव्या दांड्याची असतात. गवताच्या गाडीला बहुधा उभ्या दांड्याचे इंजिन असते. प्लग आणि तेल मिळते. कार्बोरेटर, गॅस्केट, एअर फिल्टर मागवावे लागतात. त्यात पेट्रोलचा प्रश्न. या छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते असे कंपन्या सांगतात आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो आणि रबरी भाग फुगतात. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा. तेल साधारण ५० तासांनी बदलावे, एअर फिल्टर आपल्या धुळीत त्याआधीच बघावा, आणि इंजिनाच्या पंखांत अडकलेले गवत दर आठवड्याला काढावे. उन्हाळ्यात इंजिने जळतात त्यातली कितीतरी या एवढ्या कचऱ्यापायी.

लग्नाच्या लॉनवर तर आणखी एक शत्रू असतो. मंडप उतरला की गवतात खिळे, तारेचे तुकडे, सुतळी आणि झुंबरांचे दोरे राहतात. सुतळी स्पिंडलला गुंडाळून सील कापते. तार पात्याला लागली की गोळीसारखी सुटते. पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी मानकाने मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. म्हणून कापण्याआधी माणसाने मैदान पायाखाली घातलेच पाहिजे. याच कारणाने कमानपट्ट्यातून पाते घडवून घेणे मला मान्य नाही. चुकीचे पाणी दिलेले पोलाद ठिसूळ होते आणि फुटलेला तुकडा माणसाच्या पायाच्या उंचीवर उडतो. पाते जरूर घासावे, मधल्या भोकात खिळा घालून तोललेले आहे का पाहावे, आणि झिजले की नवे आणावे.

आणि सीटखालचा स्विच. चालक उठला की इंजिन किंवा पाती बंद पडावीत म्हणून तो असतो. पावसाच्या पाण्याने तो बिघडतो, गाडी सुरू होत नाही आणि कोणीतरी दोन वायरी एकत्र पिळून काम चालू करतो. हा जुगाड पूर्णपणे थांबायला हवा. त्या स्विचशिवायची गाडी माळ्याच्या हाती देणाऱ्याने त्याचा पाय पणाला लावलेला असतो.

सिलिंडरवाल्या गाडीची देखभाल वेगळी आणि नाजूक. पाती आणि खालची पट्टी यांच्यात कागदाचा कपटा धरून सिलिंडर हाताने फिरवतात. कागद पूर्ण लांबीत स्वच्छ कापला गेला तर जुळणी बरोबर. नाही तर ग्राइंडिंग पेस्ट लावून सिलिंडर उलटा फिरवतात, म्हणजे दोन्ही धारा एकमेकींवर बसतात. ही जुळणी ज्याला हाताला कळते तो माणूस मैदानाला क्युरेटरइतकाच मोलाचा. त्याला कायम नोकरीत ठेवणारी संस्था शहाणी.

ज्यांच्या ताब्यात अशी गाडी आहे त्या प्राचार्यांना, लॉनमालकांना आणि क्रीडा संघटनांच्या सचिवांना माझी विनंती आहे. गाडीच्या खरेदीच्या प्रस्तावातच सुट्या भागांची वेगळी रक्कम मंजूर करून घ्या. दोन पट्टे, स्पिंडलच्या बेअरिंगांचा एक संच, पात्यांची एक जोडी, एअर फिल्टर, प्लग आणि सीटचा स्विच एवढे सामान एप्रिलमध्येच कपाटात येऊ द्या. गाडी किती तास चालली ते रोज लिहायला माळ्याला एक वही द्या, आणि त्या वहीवर महिन्यातून एकदा स्वतः सही करा.