संसर्ग लादलेला

आमच्या आगाशींतील शेजारचा एक सुशील विद्यार्थी सुटींत घरीं आला, तो वसतिगृह सोडण्याच्या निश्चयानेंच. स्वतः तो मद्यास शिवत नाहीं. परंतु सोबत्याची ओकारी पुसणें, मध्यरात्रींचा गोंगाट आणि बुडालेला अभ्यास त्याच्या वांट्यास आला. मनूनें सुरापान महापातकांत गणिलें, तसा त्या पातक्याचा संसर्गही गणिला. येथें तर संसर्ग लादलेला! हार्वर्डच्या संशोधकांनीं १९९३ सालीं अमेरिकेंतील १४० महाविद्यालयांची पाहणी केली, तींतही इतरांचे हेच हाल आढळले. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं पंचविशीच्या आंतील तरुणास कडक दारूचा परवाना मिळत नाहीं. मग वसतिगृह सोडावयाचें कोणीं? वाचकहो, मुलास ‘पिऊं नकोस’ एवढेंच सांगून आम्ही थांबतों. ‘तुला कोणाचा त्रास होतो काय?’ हेंही विचारावें.