औषध दोघांनाही हवे



पाड्यावरच्या बायका "अंगावरून पांढरे जाते", "ओटीपोटात दुखते" एवढेच दबक्या आवाजात सांगतात. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के होत्या.

पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक आजारच असतो असे नाही. काही आजार जोडीदाराकडून आलेले नसतात. पण परमा, गरमी यांसारखे आजार संबंधातून पसरतात. अशा वेळी एकट्या बायकोने औषध घेतले, तर ती बरी होते आणि नवऱ्याकडून पुन्हा तोच आजार तिला होतो. मग "औषध लागू पडले नाही" म्हणून ती भगताकडे जाते. आजार अंगात राहिला तर गर्भनलिका बंद होऊ शकते. मूल होत नाही, आणि दोष तिच्याच माथी येतो. गरोदरपणी गरमी असेल तर बाळ पोटात दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्माला येते.

नवरा म्हणतो, "मला काही त्रास नाही." पण त्रास नसतानाही आजार अंगात असू शकतो. पुष्कळांना महिनोन्‌महिने लक्षणे दिसत नाहीत. म्हणूनच कोणी कोणाला दिला, हा वाद लक्षणांवरून मिटत नाही. तो घालत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून दवाखान्याची पायरी चढावी.

जिल्हा रुग्णालयातील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात, गोष्ट गुप्त राहते. दोघांनीही आपापली औषधे पूर्ण घ्यावीत. एकाच्या गोळ्या दोघांत वाटून घेऊ नयेत. उपचार संपेपर्यंत, निदान सात दिवस, संबंध टाळावेत. एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

नवरा न येण्याचे कारण पुष्कळदा हट्ट नसून बुडणारी मजुरी आणि दोघांचे बसभाडे असते. तुमच्या दानातून एका जोडप्याचा येण्याजाण्याचा खर्च भागला, तर उपचार अर्धवट राहत नाही. पाळकांनीही लग्नापूर्वीच्या समुपदेशनात हा विषय न लाजता घ्यावा. सुखदुःखात सोबत राहण्याचे वचन वेदीपुढे दोघे देतात. दवाखान्यातही दोघांनी सोबतच जावे.

अशा जोडप्यांना आपल्या प्रार्थनेत आठवा. त्यांची नावे विचारू नका.